जुनी पदकं, बॅज, विंग्ज: मोडीत देण्याआधी

अपशिंगे मिलिटरीसारख्या गावात माळ्यावरच्या ट्रंकेत पणजोबांची पदकं निघाली की पहिला प्रश्न ठरलेला: चांदी आहे का? पहिल्या महायुद्धाचं ब्रिटिश वॉर मेडल चांदीचंच असतं. पण मोडीत फक्त वजनाचे पैसे मिळतात. त्याची खरी किंमत कडेवर असते: शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव, पलटण. भिंग घेऊन वाचा. पलटणीचा आकडा १०३, १०५, ११०, ११४, ११६ किंवा ११७ असेल तर ती १९२२ पूर्वीची मराठा पलटण. त्या वर्षी या सगळ्यांची मिळून ५वी मराठा लाइट इन्फंट्री झाली. हेच मेडल मजूर पलटणींना ब्राँझमध्ये मिळालं. ते चांदीच्यापेक्षा दुर्मिळ आहे, तेव्हा काळपट दिसतं म्हणून भंगारात टाकू नका.

पदकांना चिंच, राख, पितांबरी यातलं काहीही लावू नका. घासून अक्षरं झिजली की भाव पडतो, आणि तो पुन्हा चढत नाही. वाटणीत भावाभावांनी एकेक पदक वाटून घेतलेलंही आम्ही पाहतो. एकाच माणसाची पदकं आणि डिस्चार्जचे कागद एकत्र असले तर सुट्या पदकांच्या बेरजेपेक्षा जास्त पैसे मिळतात.

वैमानिकांच्या विंग्जबाबत, म्हणजे गणवेशावरच्या पंखांच्या बॅजबाबत, जरा सावध राहा. भारतीय हवाई दलाला ‘रॉयल’ ही उपाधी १९४५ ते १९५० एवढीच होती, म्हणून त्या काळच्या विंग्जना मागणी मोठी आणि नकलाही तेवढ्याच. मुकुट बघा. राजाच्या मुकुटाच्या कमानी वर गोलसर असतात, राणीच्या मुकुटाच्या मध्यभागी खचलेल्या. राणी एलिझाबेथ गादीवर आली १९५२ मध्ये. आपल्याकडे १९५०लाच मुकुट जाऊन अशोकस्तंभाचे सिंह आले होते. तेव्हा भारतीय विंग्जवर राणीचा मुकुट दिसला तर विकणाऱ्याची गोष्ट कितीही रंगतदार असो, पाकीट खिशातच ठेवा. जरीकाम अतिनील टॉर्चखाली निळं-पांढरं चमकलं तर धागा बहुधा अलीकडचा. धातूचा बॅज ठशाने दाबून काढलेला असेल तर रेषा धारदार असतात. ओतीव नकलेवर बारीक खड्डे आणि बोथट कडा दिसतात.

शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना १९७२ चा पुरावशेष कायदा लागू होऊ शकतो. परदेशी गिऱ्हाईक भेटलं तर पार्सल करण्याआधी विचारून घ्या.

वस्तू ओळखून सांगण्याचे पैसे आम्ही घेत नाही. लेखी मूल्यांकनाला आकार पडतो, आणि ज्या वस्तूचं मूल्यांकन आम्ही करतो ती स्वतः विकत घेत नाही. येताना पदकं फितीसकट, न पुसता, सुती कापडात गुंडाळून आणा. घरात जुनं पेन्शनचं पुस्तक असेल तर तेही.