नक्षी आधी, टाका नंतर : भरतकामाच्या पुस्तकांची पाचशे वर्षं

आज कुणी भरतकाम शिकायला घेतलं आणि एखादं पुस्तक उघडलं, तर नक्षी समोर असते, टाका कसा घालायचा याची आकृती असते आणि बहुतेक वेळा ‘रंग तुमच्या आवडीचे घ्या, नक्षी हवी तशी बदला’ असा दिलासाही असतो. हे सगळं एकाच पुस्तकात मिळणार हे आपण धरूनच चालतो. प्रत्यक्षात या गोष्टी पुस्तकांत यायला चारशे वर्षं लागली, आणि त्याही एकेक करून आल्या. नक्षी सोळाव्या शतकात आली, टाका एकोणिसाव्यात नीट समजावला गेला आणि स्वतःच्या हातावर भरवसा ठेवायला शिकवणारी पुस्तकं विसाव्या शतकात निघाली. पुस्तक बघून हुरूप येणं आणि पुस्तक वाचून हिंमत येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. युरोपात छापल्या गेलेल्या भरतकामाच्या पुस्तकांचा इतिहास बघितला की हा फरक फार स्पष्ट दिसतो.

छापील पुस्तकांच्या आधी कापड हेच पुस्तक होतं. एखादीनं कुठे नवी वेलबुट्टी पाहिली की ती तागाच्या लांबट पट्टीवर उतरवून ठेवायची. पट्टी गुंडाळून पेटीत जायची आणि गरज लागली की बाहेर निघायची. इंग्लंडची राणी एलिझाबेथ ऑफ यॉर्क हिच्या १५०२ सालच्या खर्चाच्या नोंदीत अशा नमुन्यांसाठी घेतलेल्या कापडाचा उल्लेख आहे. तारीख भरलेला सर्वांत जुना ज्ञात इंग्रजी नमुना १५९८ चा, जेन बॉस्टॉक हिनं केलेला. तो लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. कुत्रा, हरीण, फुलं, भौमितिक पट्टे, अक्षरं असं बरंच काही त्या एका तुकड्यावर दाटीवाटीनं बसलंय. तो मिरवण्यासाठी केलेला नाही, हाताशी ठेवण्यासाठी केलेला आहे.

पहिली छापील नक्षीपुस्तकं जर्मनीत निघाली. योहान श्योन्सपेर्गर या मुद्रकानं १५२० च्या दशकात लाकडी ठशांनी छापलेल्या नक्ष्यांची छोटी पुस्तिका काढली. १५२७ मध्ये कोलोनच्या पीटर क्वेंटेलची आली आणि त्याच वर्षी व्हेनिसमध्ये जोव्हान्नी अंतोनिओ तालिएंते याची. तालिएंते मुळात सुलेखन शिकवणारा माणूस. अक्षरं गिरवायची पुस्तकं काढता काढता तो नक्षी गिरवण्याच्या पुस्तकाकडे वळला. मुद्रकांना नवी बाजारपेठ सापडली होती. शतक संपेपर्यंत पॅरिसमध्ये फेदेरिको विंचोलो (१५८७), व्हेनिसमध्ये चेझारे वेचेल्लिओ (१५९१) आणि न्यूरेंबर्गमध्ये योहान झिबमाखर (१५९७) यांची पुस्तकं घरोघरच्या सुयांना खाद्य पुरवत होती. वेचेल्लिओ हा विख्यात चित्रकार तिशियनच्या नात्यातला.

या पुस्तकांत पानामागून पान नक्षी आहे. काही नक्ष्या चौकटींच्या जाळीवर बसवलेल्या, म्हणजे आपण ज्याला आलेख म्हणतो तशा, तर काही मोकळ्या रेषांतल्या. टाका कसा घालायचा याबद्दल मात्र जवळजवळ काहीच नाही. वाचणारीला टाके येतात हे मुद्रकानं गृहीतच धरलेलं असायचं. आईनं, मावशीनं, मठातल्या जोगिणीनं ते शिकवलेले असायचे. पुस्तकाचं काम फक्त ‘काय भरू?’ या प्रश्नाला उत्तर देण्याचं. ज्या मुलीला शिकवणारं कुणी नव्हतं, तिच्या हाती हे पुस्तक पडूनही उपयोग नव्हता.

एक गोष्ट मात्र सोळाव्या शतकातच पुस्तकात दाखवली गेली. कागदावरची नक्षी कापडावर कशी न्यायची ती. अलेस्सांद्रो पगानिनो याच्या पुस्तकात एक सुंदर चित्र आहे. चार बायका चार तऱ्हांनी नक्षी उतरवताहेत. एकीनं कापड खिडकीच्या उजेडावर धरलंय, एकीनं खालून दिवा ठेवलाय, एक जण कागदाला सुईनं भोकं पाडून त्यावरून पूड फिरवतेय. ही शेवटची पद्धत आपल्याकडे कुणालाही ओळखू येईल. टोचलेला खाका, रॉकेलमध्ये कालवलेली नीळ आणि कापसाचा बोळा घेऊन साडीवर नक्षी छापून देणारी दुकानं पुण्यामुंबईत अजून आहेत. जुन्या पुस्तकांच्या ज्या प्रती आज उरल्यात, त्यांतल्या काहींच्या पानांवर अशी सुईची भोकं स्पष्ट दिसतात. पुस्तकं इतकी कमी का उरली याचं उत्तरही तिथेच मिळतं. पानं फाडून, टोचून, पूड घासून ती वापरली गेली आणि वापरूनच संपली. मला त्या भोकांकडे बघताना फार आदर वाटतो. कपाटात जपलेल्या प्रतीपेक्षा ही चाळण झालेली पानं जास्त काही सांगतात.

इंग्लंडमध्ये १६२४ साली रिचर्ड शॉर्लेकरनं ‘अ स्कूलहाउस फॉर द नीडल’ काढलं. नक्ष्यांबरोबर त्यात चौकटींच्या साहाय्यानं आकार लहानमोठा कसा करायचा हे सांगितलंय. बाब छोटी, पण नक्षी जशीच्या तशी उचलायची गरज नाही, आपल्या कापडाच्या मापानं ती बदलता येते, ही शक्यता तिनं वाचणारीच्या हातात दिली. १६३१ चं ‘द नीडल्स एक्सलन्सी’ तर इतकं चाललं की १६४० मध्ये त्याची बारावी आवृत्ती निघाली. त्यातल्या बऱ्याच नक्ष्या झिबमाखरच्या. सुरुवातीला टेम्स नदीवर नाव चालवणारा कवी जॉन टेलर याची सुईची स्तुती आहे आणि मुखपृष्ठावर शहाणपण, उद्योग आणि मूर्खपणा अशा तीन बाया उभ्या आहेत. पुस्तक विकणाऱ्यांनी भरतकामाला सद्गुणाचं वस्त्र चढवायला इथूनच सुरुवात केली. ते ओझं पुढे शाळकरी मुलींना दोनशे वर्षं वाहावं लागलं.

टाक्यांचं ज्ञान खरं तर पेशेवर कारागिरांकडे होतं, आणि ते लिहून ठेवण्याची त्यांना गरज नव्हती. १७७० मध्ये शार्ल जेर्मां द सेंतोबँ यानं ते पहिल्यांदा नीट मांडलं. हा फ्रान्सच्या राजाचा नक्षीकार, बाप राजाचा भरतकाम करणारा. फ्रेंच विज्ञान अकादमीनं सगळ्या हस्तव्यवसायांची वर्णनं छापायची मोठी मालिका हाती घेतली होती, त्यात त्याचं पुस्तक आलं. चौकट कशी ताणायची, जरीचा तार कसा बसवायचा, कारखान्यात कामाची वाटणी कशी असते, सगळं त्यात आहे. पण ते घरच्या बाईसाठी नव्हतं.

घरच्या बाईच्या वाट्याला तेव्हा आली ती बर्लिनची लोकरकाम पद्धत. जाळीदार कापडावर, रंगवलेल्या आलेखावरून एकेक चौकोन मोजून भरायचा. टाका एकच, रंग आधीच ठरलेले. १८०४ च्या सुमाराला सुरू झालेला हा धंदा १८१० नंतर विटिख नावाच्या प्रकाशकानं वाढवला. १८४२ मध्ये लंडनच्या मिस लॅम्बर्ट यांनी आपल्या पुस्तकात लिहिलंय की, १८१० पासून अशा १४,००० नक्ष्या निघाल्या. लोकांनी नंतर या कामाला बरीच नावं ठेवली. मला ते पूर्ण न्याय्य वाटत नाही. मोजता येणाऱ्या प्रत्येकीला त्यानं हातातलं काम तडीस नेल्याचं समाधान दिलं. नुकसान झालं ते दुसरीकडे. एका टाक्याच्या सवयीत बाकीचे टाके विसरले गेले.

किती विसरले गेले, ते इंग्रज कवी आणि नक्षीकार विल्यम मॉरिसच्या घरातल्या हकिकतीवरून कळतं. १८५० च्या दशकात मॉरिसला मध्ययुगीन पद्धतीचं भरतकाम करायचं होतं आणि शिकवणारं कुणी सापडेना. त्याची पत्नी जेन हिनं पुढे लिहून ठेवलंय की, टाके जवळ जवळ कसे बसवायचे हे मूळ तत्त्व मॉरिसनंच तिला शिकवलं, मग जुन्या कामाचे तुकडे उसवून उसवून दोघं शिकले, आणि ते काम चढणीचं होतं. मुलगी मे हिनं १८८५ मध्ये वडिलांच्या कंपनीचा भरतकाम विभाग सांभाळायला घेतला तेव्हा ती २३ वर्षांची होती. १८९३ मध्ये तिचं स्वतःचं पुस्तक आलं. आईबापांनी उसवून मिळवलेलं ज्ञान तिनं लिहून ठेवलं.

त्याच सुमाराला तेरेझ द दिल्मोंचं पुस्तक घरोघर पोचत होतं. ऑस्ट्रियात १८४६ साली जन्मलेली ही बाई आज फ्रान्समध्ये असलेल्या मुलूझच्या डीएमसी या सूत कंपनीशी जोडली गेली आणि १८८६ मध्ये तिचा सुईकामाचा ज्ञानकोश निघाला. हजाराच्या वर आकृत्या. सुई कापडात कुठून शिरते, कुठून निघते, दोरा कुठल्या बाजूला राहतो, हे चित्रात दिसतं. प्रस्तावनेत ती सांगते की, साध्यातली साधी नक्षीसुद्धा या पुस्तकासाठी पुन्हा करून पाहिलेली आहे. वाचणारीला ‘हे जमतं’ असा विश्वास वाटतो तो यामुळे. लिहिणारीनं आधी स्वतः केलंय हे पानापानावर जाणवतं. पुस्तक अनेक भाषांत गेलं, स्वस्त ठेवलं गेलं. कंपनीला दोरा विकायचा होता हे उघड आहे, पण त्यामुळे पुस्तकाची किंमत कमी होत नाही. ज्या मुलीला शिकवणारं घरात कुणी नव्हतं, तिला पहिल्यांदा गुरू मिळाला.

तरीही एक गोष्ट राहिलीच होती. दिल्मोंच्या पुस्तकातून टाका शिकता येतो, पण नक्षी तिचीच भरायची. ‘तू स्वतः काढ’ हे ती म्हणत नाही. ते म्हटलं ग्लासगोच्या बायकांनी.

ग्लासगोच्या कलाशाळेत जेसी न्यूबेरी यांनी १८९४ मध्ये भरतकामाचा वर्ग सुरू केला. महाग रेशीमच हवं असं काही नाही, साधं सुती वा तागाचं कापड आणि थोडेसे टाकेही पुरतात, ही तिथली शिकवण. पुढे तो वर्ग ॲन मॅकबेथ यांच्याकडे आला. शनिवारी शाळांतल्या शिक्षिकांना तिथे शिकवलं जायचं. त्या काळी शाळेत मुलींना पांढऱ्या कापडावर पांढऱ्या दोऱ्यानं इतकी बारीक शिवण घालायला लावत की डोळे दुखावेत. १९११ मध्ये मार्गारेट स्वॉन्सन आणि मॅकबेथ यांनी ‘एज्युकेशनल नीडलक्राफ्ट’ लिहिलं आणि ही रीतच उलटी केली. सहा वर्षांच्या मुलीला जाड कापड द्या, मोठी सुई द्या, रंगीत दोरा द्या म्हणजे तिला आपला टाका दिसेल. साधा धावदोरा आला की त्याच्याच ओळींतून तिनं स्वतःची किनार रचावी. आधी नक्कल आणि मग कधीतरी रचना, असं नाही. पहिल्या टाक्यापासूनच रचना. भरतकामाच्या पुस्तकांच्या सगळ्या इतिहासात मला हे पुस्तक सर्वांत मोठं वाटतं. नक्षीपुस्तकांच्या चारशे वर्षांत वाचणारीला कुणी इतकं गंभीरपणे घेतलं नव्हतं. मॅकबेथ नुसत्या शिक्षिका नव्हत्या. स्त्रियांच्या मताधिकारासाठी तुरुंगात उपोषण केलेल्या ८० स्त्रियांच्या सह्या त्यांनी १९१० मध्ये कापडावर भरून घेतल्या, आणि त्या कापडाचा पुढे मोर्चाचा फलक झाला.

नंतरची वाट रुंद होत गेली. ग्रेस क्रिस्टी यांचं टाक्यांवरचं पुस्तक १९२० मध्ये, मेरी थॉमस यांचा टाक्यांचा कोश १९३४ मध्ये आला. १९३६ मध्ये रेबेका क्रॉम्प्टन यांनी कापडाची कड कच्ची ठेवली तरी चालते, टाका वेडावाकडा असला तरी तो बोलतो, असं ठामपणे मांडलं आणि अनेकांचा रोष ओढवून घेतला. १९६६ चं कॉन्स्टन्स हॉवर्ड यांचं पुस्तक तर प्रेरणा कुठून घ्यायची याच विषयावर आहे. भिंती, पानं, इमारती, कागदाचे कातरलेले आकार यांतून नक्षी कशी निघते हे त्यात दाखवलंय.

आपल्याकडच्या कशिद्यानं यातल्या कुठल्याच पुस्तकाची वाट पाहिली नाही. धारवाडकडचा कशिदा, ज्याला मराठी घरांत कर्नाटकी कशिदा म्हणतात, तो चंद्रकळेवर आणि इरकलीवर पिढ्यान्‌पिढ्या भरला गेला. छापा नाही, खाका नाही, कापडाचे धागे मोजत जायचं. गोपुर, पालखी, रथ, तुळशीवृंदावन डोक्यात बसलेलं. गवंती, मुर्गी, नेगी, मेंथी हे त्याचे चार टाके. त्यातला गवंती म्हणजे एकदा पुढे धावदोरा घालत जायचं आणि परतताना मधल्या रिकाम्या जागा भरायच्या. कापडाच्या दोन्ही बाजू सारख्या दिसतात. युरोपात हाच टाका चित्रकार होल्बाइनच्या नावानं ओळखला जातो, कारण त्याच्या व्यक्तिचित्रांतल्या कॉलरांवर आणि बाह्यांवर तो दिसतो. कमलादेवी चट्टोपाध्याय यांचं भारतीय भरतकामावरचं पुस्तक १९७७ मध्ये आलं. कशिद्याला २००६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आता त्याच्या नक्ष्या आलेखाच्या कागदावर छापून मिळतात, आणि आजी घरात नसलेल्या मुलीसाठी ही सोय मोलाची आहे.

जुनी युरोपीय पुस्तकं न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयानं इंटरनेटवर खुली केली आहेत. दिल्मोंचा ज्ञानकोशही फुकट वाचता येतो. कशिदा येणारीनं झिबमाखरपासून सुरुवात करावी असं मी सुचवीन. त्याची जाळी मॅटीच्या कापडावर थेट मोजून भरता येते, आणि त्याचे हरीण, मोर, फुलांचे पट्टे गवंतीत फार छान बसतात. ज्यांनी अजून सुई हातात घेतलेली नाही त्यांनी आधी स्वॉन्सन-मॅकबेथ यांचं पुस्तक बघावं. जाड कापड, लाल दोरा आणि धावदोऱ्याच्या चार ओळी, एवढ्यावर त्यांचा पहिला धडा होऊन जाईल.