शस्त्रक्रियेनंतरची रजा: परावर्तित की अर्धवेतनी?

राज्य शासनाच्या कार्यालयात कुणाचं अचानक ऑपरेशन झालं की सगळे म्हणतात, "त्यांनी मेडिकल टाकली आहे." अर्जही तसाच येतो: 'माझी शस्त्रक्रिया झाल्याने ४५ दिवसांची वैद्यकीय रजा मंजूर व्हावी, ही विनंती.' पण महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ मध्ये वैद्यकीय रजा नावाचं खातंच नाही. आजारपण हे रजेचं कारण झालं. रजा कोणत्या प्रकारची हवी, हे अर्जात वेगळं लिहावं लागतं. ते लिहिलं नाही की निर्णय आस्थापना शाखेच्या लिपिकावर जातो आणि तो हाताशी असलेला प्रकार टाकून मोकळा होतो. पगार अर्धाच का आला, किंवा खात्यातले एवढे दिवस कुठे गेले, हा प्रश्न मग महिन्या-दोन महिन्यांनी पडतो.

सगळ्यात जास्त गल्लत होते ती अर्धवेतनी आणि परावर्तित रजेची. अनेकांना ही दोन वेगळी खाती वाटतात. परावर्तित रजेला (कार्यालयात हिला सर्रास 'कम्युटेड' म्हणतात) स्वतःचं खातं नसतं. खातं एकच, अर्धवेतनी रजेचं. त्यात सेवेच्या प्रत्येक वर्षाला २० दिवस जमा होतात आणि साठवणुकीला मर्यादा नाही. या खात्यातला एक दिवस खर्च केला की निम्म्या पगाराची एक दिवस रजा मिळते, ती अर्धवेतनी. दोन दिवस खर्च केले की पूर्ण पगाराची एक दिवस रजा मिळते, ती परावर्तित. म्हणून खात्यात १२० दिवस असतील तर परावर्तित रजा जास्तीत जास्त ६० दिवस. तीन वर्षं सेवा झालेल्या आणि एकही दिवस न वापरलेल्या कर्मचाऱ्याच्या खात्यात ६० दिवस असतात, म्हणजे त्याला पूर्ण पगाराचे ३० दिवस मिळतात.

आकड्यांत बघू. खात्यात १२० दिवस आहेत, अपेंडिक्स फुटल्यामुळे पोट उघडून शस्त्रक्रिया झाली आणि डॉक्टरांनी ४५ दिवस विश्रांती सांगितली. सगळी रजा परावर्तित घेतली तर खात्यातून ९० दिवस जातात, ३० उरतात आणि पगार पूर्ण मिळतो. सगळी अर्धवेतनी घेतली तर ४५ दिवस जातात, ७५ उरतात आणि पगार निम्मा होतो. आता समजा, जखमेत पू झाला आणि विश्रांती ४० दिवसांनी वाढली. पहिल्या मार्गाने गेलेल्याकडे फक्त ३० दिवस आहेत. ते अर्धवेतनी म्हणून वापरले तरी १० दिवस कमी पडतात आणि ते अर्जित रजेतून (पूर्ण पगाराची, वेगळ्या खात्यातली रजा) भरावे लागतात. दुसऱ्याकडे ७५ दिवस आहेत. त्याचे पुढचे ४० दिवस अर्धवेतनीत आरामात बसतात आणि वर ३५ शिल्लक राहतात.

एक गोष्ट इथे लक्षात येत नाही. त्या १२० दिवसांतून एकूण जो पैसा निघतो, तो दोन्ही मार्गांनी सारखाच असतो: ६० दिवसांचा पूर्ण पगार. परावर्तित रजेत तो लवकर निघतो आणि दिवस कमी झाकले जातात, अर्धवेतनीत सावकाश निघतो आणि दिवस जास्त झाकले जातात. त्यामुळे 'पूर्ण पगार मिळतोय तर निम्मा कशाला घ्यायचा' हा युक्तिवाद ४५ दिवसांत नक्की परत येणाऱ्यासाठी ठीक आहे. आजार लांबण्याची शक्यता असेल तिथे तो महागात पडतो.

निम्मा पगार म्हणजे नेमकं काय, हेही आधी मांडून बघावं. मूळ वेतन ४५,००० असेल तर रजा वेतन २२,५०० होतं आणि महागाई भत्ता त्या निम्म्यावर निघतो. पतसंस्थेचा आणि गृहकर्जाचा हप्ता मात्र निम्मा होत नाही. दरमहा १५,००० चे हप्ते कापले जात असतील तर हातात काय उरेल, याचा हिशेब अर्ज देण्याआधी करावा. वैद्यकीय खर्चाच्या प्रतिपूर्तीचं देयक ही वेगळी फाइल आहे. ती तपासणीच्या टेबलांवरून फिरत येते, म्हणून पहिल्या दोन-तीन महिन्यांच्या नियोजनात तो पैसा धरूच नये.

आमच्या मते बहुतेकांसाठी मिश्र मार्ग चांगला. खर्च अंगावर येतो तो पहिला महिना परावर्तित, आणि पुढे तब्येतीचा अंदाज येईपर्यंत अर्धवेतनी. वरच्या उदाहरणात ३० दिवस परावर्तित आणि १५ दिवस अर्धवेतनी घेतले तर खात्यातून ७५ दिवस जातात आणि ४५ हाताशी राहतात. एकाच अर्जात दोन प्रकार मागता येतात, त्याला नियमांची आडकाठी नाही.

अर्जित रजेचाही विचार करा. ती १ जानेवारी आणि १ जुलैला १५-१५ दिवस जमा होते, पण ३०० दिवसांच्या वर साठत नाही आणि निवृत्तीच्या वेळी रोखीकरणही तेवढ्याच मर्यादेत होतं. ज्याचं अर्जित खातं ३०० ला टेकलं आहे, त्याने आजारपणासाठी आधी अर्जित रजा वापरावी. नाहीतर इकडे अर्धवेतनी खातं रिकामं होतं आणि तिकडे अर्जित रजा वाया जाते. ज्याचं अर्जित खातं अजून भरायचं आहे, त्याला अर्धवेतनी खात्यातूनच खर्च करणं फायद्याचं. अर्जित रजा शिल्लक असली तरी परावर्तित रजा घेता येते. 'आधी अर्जित संपवा' असं टेबलावर कुणी म्हणालं तर तो नियम नाही, सवय आहे. रजा नाकारण्याचा किंवा रद्द करण्याचा अधिकार सक्षम प्राधिकाऱ्याला आहे, पण मागितलेली आणि देय असलेली रजा कर्मचाऱ्याच्या लेखी विनंतीशिवाय दुसऱ्या प्रकारात बदलता येत नाही.

दोन्ही रजांच्या अटींमध्येही फरक आहे आणि गाडी बहुधा तिथेच अडते. अर्धवेतनी रजा खासगी कारणासाठीही मिळते, प्रमाणपत्र लागतंच असं नाही. आजारपणातली परावर्तित रजा वैद्यकीय प्रमाणपत्राशिवाय मिळत नाही. डॉक्टरांनी ४५ दिवस लिहिले आणि तुम्हाला आणखी आठवडाभर घरी राहायचं असेल, तर तो आठवडा अर्धवेतनी किंवा अर्जित म्हणून मागता येईल, परावर्तित म्हणून नाही. दुसरी अट अशी की परावर्तित रजा देताना, कर्मचारी रजेनंतर कामावर परत येईल अशी वाजवी शक्यता प्राधिकाऱ्याला दिसावी लागते. परावर्तित रजा घेऊन कुणी कामावर न परतताच राजीनामा दिला किंवा स्वेच्छानिवृत्ती घेतली, तर ती रजा अर्धवेतनी धरली जाते आणि जादा मिळालेल्या पगाराची वसुली होते. प्रकृतीमुळे सेवेला कायमचं असमर्थ होऊन निवृत्त व्हावं लागलं किंवा मृत्यू झाला, तर वसुली होत नाही. शस्त्रक्रियेनंतर स्वेच्छानिवृत्तीचा विचार मनात असेल तर आधी रुजू व्हा, मग अर्ज द्या.

अर्जातली मागणी कशी लिहावी, त्याचा नमुना:

'दि. … ते दि. … या ४५ दिवसांपैकी पहिले ३० दिवस परावर्तित रजा (अर्धवेतनी रजा खात्यातून ६० दिवस वजा करून) व पुढील १५ दिवस अर्धवेतनी रजा, सोबतच्या वैद्यकीय प्रमाणपत्राच्या आधारे मंजूर करावी. रजेच्या आधी व नंतर येणाऱ्या सार्वजनिक सुट्ट्या जोडण्यास परवानगी मिळावी.'

सोबत वैद्यकीय प्रमाणपत्र हवं. त्यात निदान, शस्त्रक्रियेची तारीख, विश्रांतीची 'पासून–पर्यंत' तारीख आणि डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक असावा. डिस्चार्ज कार्ड जोडलं की झालं, हा गैरसमज आहे. त्यावर दाखल झाल्याची आणि सोडल्याची तारीख असते. घरी किती दिवस विश्रांती घ्यायची, हे त्यावर असेलच असं नाही, आणि रजा तर मुख्यतः त्याच दिवसांची असते. कार्यालयाला शंका आली तर ते जिल्हा शल्य चिकित्सकांकडे दुसऱ्या मतासाठी पाठवू शकतात. राजपत्रित अधिकाऱ्यांच्या प्रमाणपत्राचा नमुना वेगळा असतो, तो आस्थापनेकडून मागून घ्यावा.

शस्त्रक्रिया अचानक होते, त्यामुळे पहिला कागद बहुधा घरच्यांनाच द्यावा लागतो. फोन करून साहेबांना कळवणं हे शिष्टाचार म्हणून ठीक, पण फाइलवर त्याची खूण राहत नाही. दाखल झाल्याच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी कार्यालयाच्या ईमेलवर दोन ओळी पाठवाव्यात आणि कागदी अर्ज आवक शाखेत देऊन प्रतीवर आवक क्रमांक घ्यावा. गाव लांब असेल तर पोस्टाने, पोच घेऊन. कोणत्या प्रकारची रजा हवी ते लगेच ठरत नसेल तर तसं लिहावं: 'रजेचा प्रकार रजा लेखा पाहून कळवतो.' त्या काळात सेवापुस्तकातल्या रजा लेख्याचा उतारा मागून घ्यावा. जुन्या रजा दोनदा वजा झाल्यात किंवा काही वर्षांचे २० दिवस चढवायचेच राहिलेत, हे उतारा हातात आल्याशिवाय कळत नाही.

आणखी एक नेहमीची चूक नैमित्तिक रजेची. गुरुवारी पोटात दुखायला लागलं, गुरुवार-शुक्रवार नैमित्तिक टाकली, शनिवारी ऑपरेशन झालं आणि सोमवारपासून वैद्यकीय कारणाची रजा मागितली. नैमित्तिक रजेला जोडून या नियमांखालची रजा घेता येत नाही. मग हरकत निघते आणि मंजुरी आदेश अडकतो. अशा वेळी नैमित्तिक रजेचा अर्ज मागे घेऊन गुरुवारपासूनच सलग परावर्तित किंवा अर्धवेतनी मागावी. प्रमाणपत्राची तारीखही तिथूनच सुरू झाली पाहिजे. मधले रविवार आणि सुट्ट्या रजेतच मोजल्या जातात, हेही दिवस मांडताना विसरू नये.

नोकरी टिकण्याच्या दृष्टीने परावर्तित आणि अर्धवेतनीत काहीच फरक नाही. पूर्ण पगाराची रजा जास्त सुरक्षित आणि निम्म्या पगाराची कमी, असं नसतं. मंजूर रजा कोणतीही असो, पदावरचा धारणाधिकार, म्हणजे त्या पदावर परतण्याचा हक्क, कायम राहतो. धोका निर्माण होतो तो रजेची मुदत संपूनही माणूस रुजू झाला नाही आणि मुदतवाढीचा अर्जही आला नाही, तेव्हा. त्या दिवसांचं रजा वेतन मिळत नाही, आणि ते दिवस शिल्लक असेपर्यंत अर्धवेतनी खात्यातून वजा होतात. पैसा एकही नाही आणि खातंही रिकामं. वर बुद्धिपुरस्सर गैरहजेरी म्हणून शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. म्हणून ४५ दिवसांची रजा असेल तर चाळिसाव्या दिवसाच्या आसपास डॉक्टरांना दाखवून, मुदत संपण्याआधी वाढीचा अर्ज आवक शाखेत पडलाच पाहिजे.

नोटीस आलीच तरी घाबरून राजीनामा लिहून देऊ नका. संविधानाच्या अनुच्छेद ३११ मुळे चौकशी आणि बाजू मांडण्याची संधी दिल्याशिवाय नियमित शासकीय कर्मचाऱ्याला बडतर्फ करता येत नाही. त्याला असलेले अपवाद मोजके आहेत. कृष्णकांत परमार विरुद्ध भारत सरकार या २०१२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे की गैरहजेरी बुद्धिपुरस्सर होती, हे चौकशीत सिद्ध व्हावं लागतं. आजारपण किंवा रुग्णालयात दाखल असणं अशा नाइलाजाच्या कारणाने आलेली गैरहजेरी आपोआप बुद्धिपुरस्सर ठरत नाही. नोटिशीला मुदतीत लेखी उत्तर द्यावं आणि प्रमाणपत्रं, औषधांच्या चिठ्ठ्या, आवक क्रमांक असलेल्या प्रती सोबत जोडाव्यात. आवक क्रमांकाचा खरा उपयोग तेव्हा होतो.

खातंच संपलं तर? वैद्यकीय प्रमाणपत्रावर अनर्जित रजा मिळू शकते. ती पुढे मिळणाऱ्या अर्धवेतनी रजेची उचल असते आणि संपूर्ण सेवेत ३६० दिवसांपर्यंतच मिळते. पगार निम्मा, आणि रुजू झाल्यावर जमा होणारे दिवस आधी ही उचल फेडण्यात जातात. तीही नसेल तर बिनपगारी असाधारण रजा. तिच्या आदेशात 'वैद्यकीय प्रमाणपत्राच्या आधारे' हे शब्द आलेत ना, ते पाहून घ्यावं, कारण पुढे सेवा मोजताना प्रमाणपत्रावरची आणि प्रमाणपत्राशिवायची असाधारण रजा एका मापाने मोजत नाहीत.

हे सगळं नियमित शासकीय कर्मचाऱ्यांसाठी आहे. खासगी अनुदानित शाळांची सेवाशर्तींची नियमावली वेगळी आहे. कंत्राटी कर्मचाऱ्यांनी करारपत्रातलं रजेचं कलम वाचावं, त्यांना अर्धवेतनी खातं गृहीत धरता येत नाही.

परत येताना तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र लागतं. वैद्यकीय कारणावर रजा घेतलेल्याला त्याशिवाय रुजू करून घेत नाहीत, मग रजा परावर्तित असो वा अर्धवेतनी. हे आजारपणाच्या प्रमाणपत्रापेक्षा वेगळं असतं आणि शेवटच्या दिवशी डॉक्टर भेटले नाहीत म्हणून दोन दिवस वाया जातात, म्हणून वेळ आधी ठरवून ठेवावी. जड उचलायचं नाही, जिने चढायचे नाहीत असं काही डॉक्टरांना सांगायचं असेल, तर ते त्याच प्रमाणपत्रात मुदतीसह लिहून घ्यावं आणि रुजू अहवालासोबत हलक्या कामाची विनंती द्यावी. शस्त्रक्रियेने कायमचं अपंगत्व आलं असेल तर दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ चं कलम २०(४) लागू होतं: सेवेत असताना अपंगत्व आलेल्या शासकीय कर्मचाऱ्याला काढता किंवा पदावनत करता येत नाही. जुनं काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत आणि त्याच सेवालाभांसह दुसरं पद द्यावं लागतं, आणि तसं पद रिकामं नसेल तर ते मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत अधिसंख्य (मंजूर संख्येपेक्षा जादा निर्माण केलेल्या) पदावर ठेवावं लागतं.