रश कधी बसते, कधी फसते

संध्याकाळी वावरातून परतलेली पोरं, पारावर जिथं रेंज मिळते त्या कोपऱ्यात, मोबाइलवर फ्री फायर मॅक्स हा बंदुकांचा खेळ खेळत बसतात. 'रश मार!', म्हणजे सगळे मिळून एकदम तुटून पडा, ही आरोळी विदर्भातल्या खेड्यांनाही आता नवी नाही. डाव मात्र जुना. 1998 साली आलेल्या 'स्टारक्राफ्ट' या कॉम्प्युटर गेममध्ये झर्ग नावाची किड्यांसारखी जमात होती. तिचे झर्गलिंग 50 मिनरलला (हे त्या खेळातलं चलन) दोन पडायचे. माणसांचा मरीन सैनिक तेवढ्यातच एक. समोरचा सावरायच्या आत झुंड सोडायची, म्हणजे 'झर्ग रश'.

दुप्पट गडी म्हणजे दुप्पट ताकद, असं बहुतेकांना वाटतं. प्रत्यक्षात ती चौपट होते. चौघं दोघांवर गेले. नेम सारखा, बंदुका सारख्या. दोघांपैकी प्रत्येकावर दोन बंदुका, तर चौघांपैकी प्रत्येकाच्या वाट्याला अर्धीच. त्यात एक पडला की उरलेल्यावर चारही. फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज इंजिनिअरनं पहिल्या महायुद्धाच्या काळात हे सूत्रात बसवलं: ताकद म्हणजे कौशल्य गुणिले संख्येचा वर्ग. 4 चा वर्ग 16, त्यातून 2 चा वर्ग 4 वजा, उरले 12. वर्गमूळ साधारण साडेतीन. दोघं संपतात तेव्हा चौघांतले सरासरी साडेतीन शाबूत असतात.

आता समोरही चौघंच, पण एकेक करून आले तर? दर वेळी 1 चा वर्ग वजा करा. पुन्हा 12! सुटे चार गडी एकत्र आलेल्या दोघांएवढेच. एकाची रेंज गेली आणि तो मागून पोचला, तरी 16 ऐवजी 9 अधिक 1, म्हणजे 10 च. म्हणून आधी चौघांनी एका आडोशाला जमायचं, मग एकदम निघायचं. दोघांना चौघं रोखायचे तर कौशल्य चौपट लागतं. ते यूट्यूबवरच्या 'सिक्रेट हेडशॉट सेटिंग'नं येत नाही, त्यानं फक्त त्या चॅनेलचे व्ह्यूज वाढतात.

हा वर्ग मोकळ्या जागेत चालतो, जिथं सगळ्यांना एकाच वेळी मारा करता येतो. झर्गलिंग जवळ जाऊनच चावतो. चढावाची अरुंद वाट अडवली की पुढचे दोघं-तिघं लढतात, बाकीचे रांगेत. मरीन मात्र मागच्या ओळीतूनही गोळ्या झाडतो. वर्गाचा फायदा मग त्याला. एकाच दारातून घरात घुसणाऱ्या स्क्वाडचंही, म्हणजे चौघांच्या टोळीचंही, असंच होतं, आणि दाटीत एक ग्रेनेड सगळ्यांना पुरतो. आतल्यांनी दाराशी ग्लू वॉल, म्हणजे खेळातली क्षणात उभी राहणारी आडभिंत, टाकली असेल तर दाराचा नाद सोडावा. दोघांनी खिडकी धरावी, दोघांनी मागची बाजू, आणि मारा एकाच क्षणी सुरू करावा.