कर्ज एकच, राग दोन दिशांचा

ग्रीसमध्ये ऑक्टोबर २००९ च्या निवडणुकीत ‘पासोक’ या समाजवादी पक्षाला जवळपास ४४ टक्के मतं मिळाली. मे २०१२ मध्ये राहिली १३ टक्के, आणि जानेवारी २०१५ मध्ये पाचाहूनही कमी. १९८१ पासून आलटूनपालटून सत्तेत असलेला पक्ष सव्वापाच वर्षांत भुईसपाट झाला.

देश कर्जात बुडाला, युरोपीय देशांनी वाचवण्यासाठी नवं कर्ज दिलं, आणि त्याच्या अटींपायी पगार आणि पेन्शन कापल्यामुळे लोक चिडले, हे खरंच. २०१३ मध्ये बेकारी २७ टक्क्यांवर होती, तरुणांमध्ये तर निम्म्याहून जास्त. पण सरकारवर चिडलेला मतदार एरवी विरोधी पक्षाला मत देऊन मोकळा होतो. इथे ती वाटच बंद झाली. नोव्हेंबर २०११ मध्ये पासोक आणि त्याचा पिढीजात विरोधक ‘न्यू डेमोक्रसी’ एकाच सरकारात बसले आणि कर्जाच्या अटी दोघांनीही मान्य केल्या. माझ्या मते खरा स्फोट घडवला तो या निर्णयाने. पुढच्याच निवडणुकीत दोघांची मिळून मतं ७७ टक्क्यांवरून ३२ वर आली. डाव्या ‘सिरिझा’ची पाचाच्या आतून सतरापर्यंत गेली. ‘गोल्डन डॉन’ हा नवनाझी पक्ष तर २१ खासदार घेऊन संसदेत शिरला. २०१५ मध्ये सिरिझाने सरकार बनवलं तेव्हा भागीदार निवडला तो उजवा राष्ट्रवादी पक्ष, कारण दोघांचाही कर्जाच्या अटींना विरोध होता.

कर्ज देणाऱ्या उत्तर युरोपात हाच राग उजवीकडे वळला. ‘आमचा कर दुसऱ्यांच्या कर्जापायी का?’ हा तिथला प्रश्न. फिनलंडमध्ये, ग्रीससारख्याच अडकलेल्या पोर्तुगालला मदत देण्याविरुद्ध रान उठवणारा ‘ट्रू फिन्स’ हा पक्ष एप्रिल २०११ मध्ये ४ टक्क्यांवरून १९ वर गेला. जर्मनीत २०१३ साली निघालेला ‘एएफडी’ सुरुवातीला युरो चलनाला विरोध करणाऱ्या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांचा पक्ष होता. स्थलांतरितांचा मुद्दा त्याने नंतर उचलला.

फुंके, शुलारिक आणि ट्रेबेश या अर्थतज्ज्ञांनी २० विकसित देशांतल्या १८७० ते २०१४ दरम्यानच्या ८०० हून अधिक निवडणुका तपासल्या. मोठ्या आर्थिक अरिष्टानंतर अतिउजव्यांच्या मतांचा वाटा सरासरी ३० टक्क्यांनी वाढतो, म्हणजे दहाचा तेरा होतो, असं त्यांना दिसलं. साध्या मंदीनंतर तसं होत नाही. मंदीत लोक काळाला दोष देतात. बँका बुडतात आणि करदात्यांच्या पैशाने वाचवल्या जातात, तेव्हा दोषी कोण ते त्यांना समोर दिसत असतं.

५ जुलै २०१५ च्या सार्वमतात ६१ टक्के ग्रीक मतदारांनी कर्जाच्या अटी फेटाळल्या. पुढच्या आठ दिवसांत सिरिझाचे पंतप्रधान अ‍ॅलेक्सिस सिप्रास यांनी तशाच कडक अटींवर तिसरं कर्ज स्वीकारलं. त्याला होकार देणाऱ्या देशांत फिनलंडही होता, आणि तेव्हा तिथले परराष्ट्रमंत्री होते ‘ट्रू फिन्स’चे नेते टिमो सोइनी.