जुनी लिंक कोण बदलवणार? एजंट जोडणीची पार्श्वभूमी

लांब पत्त्यांच्या छोट्या लिंका करून सांभाळणाऱ्या लिंक-व्यवस्थापन सेवेला एआय एजंट (सांगितलेलं काम साधनं वापरून स्वतः करणारं एआय) जोडणं आता काही मिनिटांचं काम राहिलं आहे. चॅटच्या सेटिंगमध्ये सेवेच्या एमसीपी सर्व्हरचा पत्ता टाकायचा (एमसीपी म्हणजे एआयला बाहेरच्या सेवा जोडण्याची ठरलेली पद्धत), ब्राउझरमध्ये लॉगिन करून परवानगी द्यायची, की एजंटला साधनांची यादी दिसू लागते: नवी लिंक करा, क्लिक मोजा, क्यूआर काढा, जुन्या लिंकचं डेस्टिनेशन, म्हणजे ती उघडल्यावर येणारं पान, बदला. धरमपेठ-सीताबर्डीचे कोचिंग क्लासेस, दवाखाने, कळमन्याचे संत्रा व्यापारी यांची डिजिटल कामं सांभाळणाऱ्या नागपुरातल्या छोट्या एजन्सींमध्ये वाद आहे तो यादीतल्या शेवटच्या साधनावर. पहिल्या तिन्हींबद्दल कुणाची फारशी तक्रार नाही. चौथं एजंटच्या हाती द्यायचं की नाही यावर मात्र सरळ दोन तट पडले आहेत, आणि या भांडणाची मुळं एजंटांच्या बरीच आधीची आहेत.

लिंक छोटी करून देणारं टायनीयूआरएल २००२ साली आलं, तेव्हा अडचण होती ईमेलमध्ये लांबलचक पत्ते तुटण्याची. ट्विटरच्या १४० अक्षरांनी अशा सेवांना सुगीचे दिवस दाखवले. २००८चं बिटली २००९ मध्ये ट्विटरचं ठरलेलं साधन झालं, पुढे ट्विटरने स्वतःचीच व्यवस्था आणली. हा भाग पुष्कळांनी लिहून ठेवला आहे.

मराठी मेसेजची अडचण वेगळी होती. रोमन लिपीतला एसएमएस १६० अक्षरांचा. आत देवनागरीचं एक अक्षर जरी आलं तरी मर्यादा ७० वर येते, आणि मेसेज तुकड्यांत गेला की प्रत्येक तुकडा ६७चा. त्यात काना, मात्रा, अनुस्वार, जोडाक्षरातला पाय मोडण्याचा हलन्तसुद्धा वेगवेगळा मोजला जातो. पत्त्यातच मराठी असेल तर विचारूच नका. ‘संत्रा’ हा शब्द वेब-पत्त्यात टक्केचिन्हांच्या रूपात उतरला की ५४ अक्षरं खातो. डोमेन धरलंच नाही तरी उरलेल्या १६ मध्ये ‘बाग विकणे आहे’ एवढंच मावतं. वाढलेल्या प्रत्येक तुकड्याचे पैसे वेगळे लागतात, त्यामुळे बल्क एसएमएस विकणाऱ्यांनी लिंक छोटी करून देणं हा धंद्याचाच भाग करून टाकला. क्यूआरचंही तेच. पत्ता लांब असला की चौकोन बारीक होतात, आणि पत्रिकेच्या कोपऱ्यात अंगठ्याएवढ्या जागेत छापलेला तो क्यूआर फोन काही केल्या ओळखत नाही. आत छोटी लिंक घातली की चौकोन मोठे होतात, काम भागतं.

पण कागदावर गेलेली गोष्ट परत घेता येत नाही. लग्नाचं लॉन बदलतं, प्रवेशाचा फॉर्म नव्या पत्त्यावर जातो, दरपत्रकाची पीडीएफ सुधारून येते. छापलेली लिंक तीच ठेवून तिच्यामागचं पान बदलण्याची सोय अनेक सेवांनी पैसे भरणाऱ्या खात्यांसाठी राखून ठेवली, आणि गिऱ्हाइकं खऱ्या अर्थाने पैसे मोजू लागली ती त्या सोयीसाठी.

ही सोय ज्याच्यावर उभी आहे तो ३०१ आणि ३०२चा जुना तंटा. मागितलेलं पान दुसरीकडे आहे असं सर्व्हर ब्राउझरला सांगतो, म्हणजे रीडायरेक्ट करतो, ते या कोडांनी. त्याला जरा जास्त जागा द्यावी लागेल, कारण आजच्या वादात तोच नाव बदलून आला आहे. हे दोन्ही कोड वेबच्या देवाणघेवाणीचे नियम ठरवणाऱ्या एचटीटीपीच्या १९९६च्या १.० आवृत्तीत आहेत. ३०१ म्हणजे पान कायमचं हललं. ब्राउझरने नवा पत्ता लक्षात ठेवावा, पुन्हा विचारायला येण्याची गरज नाही. ३०२ म्हणजे सोय तात्पुरती. दर वेळी येऊन विचार. सर्च इंजिनवर पान वर आणून देणारे लोक वर्षानुवर्षं ३०१चा हट्ट धरून बसले, कारण लिंकची पत मूळ पानापर्यंत त्यातूनच पोचते अशी समजूत होती. २०१६ मध्ये गूगलच्या बाजूने सांगण्यात आलं की ३००च्या मालिकेतल्या रीडायरेक्टमुळे पेजरँक, म्हणजे गूगलच्या हिशेबातली ही पत, घटत नाही. त्या दिवशी हा हट्ट संपायला हवा होता. तो अजूनही भेटतो.

क्लिक मोजणाऱ्यांना अर्थातच ३०२ हवा होता. ब्राउझर दारात आलाच नाही तर मोजणार काय? मग काही सेवांनी मधली वाट काढली: उत्तर ३०१चं द्यायचं, पण सोबत ते लक्षात ठेवण्याची मुदत मिनिट-दीड मिनिटाची घालायची. म्हणायला कायमचं, प्रत्यक्षात दीड मिनिटाचं. माझ्या मते ही चलाखी आहे, पण चालली. ज्या सेवांनी किंवा स्वतःच्या सर्व्हरवर लिंका चालवणाऱ्यांनी ही मुदत घातली नाही, त्यांच्या जुन्या लिंका ज्या फोनांनी एकदा उघडल्या ते फोन कॅश (ब्राउझरने साठवून ठेवलेली माहिती) साफ होईपर्यंत जुन्याच पानावर जात राहतात. गिऱ्हाइकाचा फोन येतो, “भाऊ, माझ्या फोनवर जुनंच पान उघडून राह्यलं, काहून?” आणि आपल्या फोनवर मात्र सगळं बरोबर दिसतं.

कोड कोणताही असो, भांडणाचा गाभा मालकीचा होता. दर वेळी विचारायला लावणारी लिंक मालकाची कमी आणि सेवेची जास्त असते. गूगलची स्वतःची लिंक छोटी करणारी सेवा २००९ मध्ये आली, २०१९ मध्ये तिथे नव्या लिंका करणं बंद झालं, आणि २०२४च्या जुलैत जाहीर झालं की जुन्याही २५ ऑगस्ट २०२५ पासून उघडणार नाहीत. ऐन वेळी, त्याच ऑगस्टच्या सुरुवातीला, निर्णय सौम्य झाला आणि वापरात असलेल्या लिंका वाचल्या. गूगलच्याच फायरबेस या अ‍ॅप बनवणाऱ्यांसाठीच्या सेवेच्या डायनॅमिक लिंक्स मात्र ठरल्या दिवशी गेल्या. पाट्यांवर, पुस्तिकांवर छापून बसलेल्यांच्या हातात यातलं काहीच नव्हतं.

आपल्याकडे यावर आणखी एक थर चढला तो एसएमएसच्या नियमांचा. दूरसंचार नियामक ट्रायच्या २०१८च्या नियमांनी प्रेषकाचं नाव आणि मेसेजचे साचे डीएलटीवर, म्हणजे मोबाइल कंपन्यांच्या सामायिक नोंदवहीत, नोंदवणं आलं. मार्च २०२१ मध्ये न नोंदवलेले मेसेज अडवणारी चाळणी प्रत्यक्ष लावली गेली तेव्हा ओटीपीसुद्धा अडकले, आणि ती काही दिवस थांबवावी लागली. मग ऑगस्ट २०२४ मध्ये आदेश निघाला की व्हाइटलिस्टमध्ये, म्हणजे आधी मंजूर करून घेतलेल्या यादीत, नसलेली लिंक असलेला मेसेज पुढे जाऊ द्यायचा नाही. आधी १ सप्टेंबर, मग मुदत वाढून १ ऑक्टोबर. नवरात्र दोन दिवसांवर. ज्यांचे सणाचे मेसेज जुन्या फुकट सेवांच्या लिंकांवर चालत होते त्यांची त्या आठवड्यात जी धावपळ झाली ती या धंद्यातले लोक विसरणार नाहीत.

त्यानंतर स्वतःच्या छोट्या डोमेनवर लिंका चालवणं छोट्या एजन्सींनाही भाग पडलं. व्हाइटलिस्टमध्ये पत्त्याचा स्थिर भाग नोंदवायचा, पुढचा तुकडा बदलता ठेवायचा. उद्देश फसवणूक रोखण्याचा आहे आणि तो बरोबरच आहे. पण नोंद होते ती दाराची. दारामागचं पान उद्या कुणी बदललं तर नोंद जशीच्या तशी राहते. म्हणजे डेस्टिनेशन बदलण्याचा अधिकार ज्याच्याकडे, त्याच्याकडे मंजूर झालेल्या दाराची किल्ली. एजंटबद्दल बोलताना ही गोष्ट फार कमी जण लक्षात घेतात.

एजंटांची बाजू त्यामानाने कालची. बराच काळ बाहेरचं सॉफ्टवेअर जोडायचं म्हणजे एपीआय की (पासवर्डसारखा लांब संकेत) द्यायची, आणि अनेक ठिकाणी त्या कीला खात्याचे सगळे अधिकार. ती एक्सेलमध्ये, नाहीतर ऑफिसच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पडलेली. मर्यादित आणि केव्हाही काढून घेता येईल अशी परवानगी देणारं ओऑथ २.० हे २०१२चं, तरी त्याचा वापर रुळायला वेळ गेला. जून २०२३ मध्ये भाषा-मॉडेलांना फंक्शन कॉलिंग, म्हणजे बाहेरची साधनं मागवण्याची सोय, मिळालं. पण प्रत्येक सेवेसाठी जोडणी वेगळी लिहावी लागे. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिकचं एमसीपी आलं, मार्च २०२५च्या आवृत्तीत त्यात ओऑथवर आधारलेली परवानगी आली, त्याच महिन्यात प्रतिस्पर्धी ओपनएआयनेही ते स्वीकारलं, आणि लिंक-सेवांचे सर्व्हर दिसू लागले. साधन फक्त वाचणारं आहे की मोडतोड करू शकणारं, हे सांगणाऱ्या खुणाही त्याच आवृत्तीतल्या. पण त्या नुसत्या सूचना आहेत. ज्याच्यावर विश्वास नाही अशा सर्व्हरच्या खुणा खऱ्या धरू नयेत, असं खुद्द त्या दस्तऐवजातच लिहिलं आहे.

‘देऊन टाका’ म्हणणाऱ्यांचं म्हणणं खोटं नाही. प्रवेशफेरीच्या तारखा रात्री बदलतात, सकाळपर्यंत शेकडो लिंका हाताने बदलायच्या म्हटलं की एखादं अक्षर चुकतंच. एजंट ते काम न कंटाळता करतो.

तरीही मी ‘नको’ म्हणणाऱ्यांत आहे. एजंट बदल करतो, स्वतः तपासतो आणि ‘झालं’ सांगतो. पण त्याची तपासणी कोऱ्या पाटीवरून होते, ज्या फोनात जुना ३०१ बसला आहे तिथलं त्याला काही दिसत नाही. दुसरं, पानांवर दडवलेल्या मजकुरातून एजंटला भलत्याच सूचना देण्याचा प्रकार काही वर्षांपासून माहीत आहे आणि त्यावर पक्का उपाय अजून नाही. जो एजंट वेबपानंही वाचतो आणि लिंकाही बदलतो, त्याला भुलवलं तर व्हाइटलिस्टमधल्या, छापलेल्या, लोकांच्या विश्वासातल्या लिंकेचं तोंड दुसरीकडे वळतं. नवी लिंक चुकली तर ती अजून कुणाकडे गेलेली नसते. जुनी चुकली तर ती हजारो पत्रकांवर आधीच असते.

व्यवहारात इथल्या काहींनी काढलेला तोडगा असा, की छापलेल्या लिंका एका वर्कस्पेसमध्ये (खात्यातल्या वेगळ्या कप्प्यात) आणि एजंटच्या दुसऱ्या. पहिलं एजंटला जोडायचंच नाही. सेवेच्या स्वस्त प्लॅनमध्ये दुसरं वर्कस्पेस मिळत नसेल तर हा मार्ग बंद. मग उरते प्रत्येक बदलाआधी माणसाची मंजुरी. ती मागणारी खिडकी चॅट-अॅप दाखवतं खरं, पण शेजारीच ‘नेहमी परवानगी द्या’ असं बटण असतं आणि दहाव्या लिंकेला बोट तिकडेच जातं. शिवाय त्या खिडकीत दिसतं ते एजंट पाठवणार असलेलं, म्हणजे नवा पत्ता. जुना कोणता होता ते पाहायचं तर डॅशबोर्डच उघडावा लागतो.