खुलासा: 'ग्रेट एस्केप'मध्ये अमेरिकन कैदी पळाले होते का?

१९६३च्या 'द ग्रेट एस्केप' या चित्रपटामुळे अनेकांची ठाम समजूत आहे की दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या युद्धकैदी छावणीतून अमेरिकन वैमानिक मोटारसायकलवरून निसटले. तसं काही घडलं नाही. झागान (आता पोलंडमध्ये) इथल्या स्टालाग लुफ्ट ३ छावणीत अमेरिकनांनी सुरुवातीला भुयाराच्या कामाला हातभार लावला खरा, पण १९४३मध्येच त्यांना वेगळ्या विभागात हलवलं गेलं. २४ मार्च १९४४च्या रात्री 'हॅरी' नावाच्या भुयारातून निघालेल्या ७६ जणांत एकही अमेरिकन नव्हता.

खरी करामत जमिनीखाली होती. खाटांच्या फळ्या काढून भुयाराला आधार दिला, दूध पावडरीचे रिकामे डबे जोडून हवेची नळी केली. पिवळी वाळू वरच्या मातीत उठून दिसायची, म्हणून ती पँटीत लपवलेल्या पिशव्यांतून थोडी थोडी बाहेर सांडत.

७३ जण पुन्हा पकडले गेले. त्यातल्या ५० जणांना हिटलरच्या हुकुमावरून गेस्टापोने, म्हणजे नाझी गुप्त पोलिसांनी, गोळ्या घातल्या. तेही चित्रपटासारखं एकाच माळावर नव्हे. वेगवेगळ्या ठिकाणी, एकेकट्याला किंवा लहान गटांत. कैद्यांचे हे सरळसरळ खून होते, आणि युद्धानंतर त्याबद्दल खटले चालले.

सुखरूप पोहोचले तिघेच: नॉर्वेचे पेर बर्ग्सलांड व येन्स म्युलर, आणि नेदरलँड्सचे ब्राम व्हान डर स्टोक.