जकातदाराची प्रार्थना

जकातदाराची प्रार्थना : आपण पापी आहोत ही जाणीव आणि देवाच्या दयेवरील भरवसा एकाच वाक्यात व्यक्त करणारी ख्रिस्ती प्रार्थना. लूककृत शुभवर्तमानातील दाखल्यात (१८:९–१४) परूशी (धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथाचा माणूस) आपल्या उपासांचा आणि दशमांशाचा (उत्पन्नाच्या दहाव्या हिश्शाच्या दानाचा) पाढा वाचतो. लोकांनी पापी मानलेला करवसुली करणारा जकातदार मात्र दूर उभा राहून, वर पाहण्याचेही धाडस न करता, ऊर बडवीत ‘हे देवा, मज पाप्यावर दया कर’ एवढेच म्हणतो आणि नीतिमान ठरून घरी जातो. परूशाने सांगितलेले काही खोटे होते असे दाखल्यात कोठेही म्हटलेले नाही. शेजारी उभ्या असलेल्या माणसाशी तुलना करून तो स्वतःला तोलतो, हा त्याचा दोष. ख्रिस्ती नम्रतेचा विचार येथूनच सुरू करणे योग्य ठरते.

या याचनेचा पौर्वात्य मठपरंपरेतील ‘येशूच्या प्रार्थने’शी (‘प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर’) असलेला संबंध वादग्रस्त आहे. एका मतानुसार इजिप्तच्या वाळवंटातील चौथ्या-पाचव्या शतकांतील तपस्वी लहान लहान वाक्ये अखंड जपत, त्यांतूनच ही प्रार्थना घडली. दुसऱ्या मतानुसार नामस्मरण आणि पापाबद्दलचा शोक हे मूळचे दोन स्वतंत्र प्रवाह असून ते पुढे एकत्र आले. पाचव्या शतकाच्या मध्यास ग्रीसमधील फोटिकीचा बिशप डायाडोकस येशूच्या नामाच्या सतत स्मरणावर भर देतो, परंतु पूर्ण सूत्र त्याच्याकडे आढळत नाही. ते बहुधा सहाव्या किंवा सातव्या शतकातील इजिप्शियन तपस्वी फिलेमोन याच्या चरित्रात प्रथम दिसते. इजिप्तमधील केल्लिया येथे एका मठवासीच्या खोलीच्या अवशेषांत सापडलेला, सर्वसाधारणपणे सातव्या-आठव्या शतकांतील मानला जाणारा लेख या जपाच्या प्रसाराची साक्ष देतो. ‘पाप्यावर’ हे पद नंतर रूढ झाले असावे. हा क्रम ध्यानी घेता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. चौदाव्या शतकात ग्रेगरी पालामास या मठवासी धर्मचिंतकाने ग्रीसमधील मठांसाठी प्रसिद्ध अशा ॲथॉस पर्वतावरील जपसाधकांची बाजू मांडली आणि १७८२ मध्ये व्हेनिस येथे छापलेल्या ‘फिलोकालिया’ या साधनापर लेखनाच्या संग्रहामुळे ही साधना मठांबाहेरही पोहोचली.

पश्चिमेकडे संत बेनेडिक्टच्या सहाव्या शतकातील नियमावलीत नम्रतेच्या बारा पायऱ्या सांगितल्या असून शेवटच्या पायरीवरील मठवासी काम करताना, चालताना वा बसलेला असताना मान खाली घालून जकातदाराचेच शब्द मनात घोळवितो. ख्रिस्ती माणसाचे संपूर्ण जीवन पश्चात्तापाचे असावे, असे धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरच्या १५१७ मधील पंचाण्णव सिद्धान्तांपैकी पहिल्याच सिद्धान्तात म्हटले आहे. दुसरा धर्मसुधारक कॅल्विन याने १५४२ मध्ये जिनीव्हासाठी सिद्ध केलेल्या उपासनाक्रमात प्रारंभीच सामुदायिक पापांगीकार येतो.

कोल्हापुरातील मराठी ख्रिस्ती मंडळींपर्यंत हा वारसा मुख्यतः प्रेस्बिटेरियन (कॅल्विनच्या परंपरेतील प्रॉटेस्टंट पंथाच्या) मार्गाने आला. अमेरिकन मिशनरी रॉयल गूल्ड वाइल्डर १८५२ मध्ये कोल्हापुरास आले. त्यांचे मिशन १८७० मध्ये प्रेस्बिटेरियन मंडळाकडे गेले. शहरातील वाइल्डर मेमोरियल चर्च त्यांच्या नावाने ओळखले जाते. या उपासनापद्धतीत पाळक प्रार्थना चालवितात, मंडळी मस्तके लववून पापांगीकार करते आणि त्यामागोमाग क्षमेचे वचन वाचले जाते. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण क्षमेच्या वचनाशिवायचा पापांगीकार माणसाला केवळ खचवितो आणि पापांगीकाराशिवायची क्षमा स्वस्त होते. प्रभुभोजनापूर्वी आत्मपरीक्षण करावे, ही पौलाची सूचना (१ करिंथ ११:२८) येथे व्यवहारात उतरते: घरच्या वाटणीवरून किंवा शेताच्या बांधावरून भावाशी धरलेला अबोला तसाच ठेवून भाकर-द्राक्षारस घेणे या शिकवणीशी विसंगत ठरते.

मराठी भक्तीच्या भाषेने या जाणिवेला स्वतःचा सूर दिला. तुकारामांच्या अभंगांतील आत्मनिंदा आणि ‘पतितपावन’ हे संबोधन यांच्याशी परिचित असलेल्या श्रोत्यांना जकातदार परका वाटला नाही. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी (१८६१–१९१९) अभंग, ओवी व कीर्तन ख्रिस्ती उपासनेत आणले. त्यांच्या अनेक रचनांत पापाची कबुली आणि ख्रिस्ताच्या कृपेचा आनंद एकाच पदात येतात.

रोमन कॅथलिक मिस्सेच्या (प्रभुभोजनाच्या उपासनाविधीच्या) प्रारंभीच्या पापांगीकारात उपासक छातीवर हात मारतात. ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाची सुरुवात होते त्या राखेच्या बुधवारी त्यांच्या कपाळावर किंवा मस्तकावर राख लावली जाते.